शोधनिबंधाची सुरुवात कशी करावी?

सन १९२१ च्या सप्टेंबर महिन्याची गोष्ट. विलायतेहून निघालेली 'नारकुंडा' नावाची आगबोट भूमध्य समुद्र, सुएझचा कालवा, तांबडा समुद्र आणि अरबी समुद्र असा प्रवास करून मुंबई बंदरात आली. तिच्यावरच्या उतारूंमध्ये बत्तीस वर्षांचे एक प्राध्यापक होते. कलकत्ता विद्यापीठाचे प्रतिनिधी म्हणून ते ऑक्सफर्डच्या परिषदेला गेले होते आणि आता परतत होते. वाटेत त्यांनी समुद्राच्या पाण्याचा रंग बारकाईने न्याहाळला होता. बोट मुंबईला लागली तेव्हा त्यांचे एक छोटेसे टिपण तयार होते. टिपणाखाली पत्ता होता बोटीचा आणि मुंबई बंदराचा. तारीख होती २६ सप्टेंबर. लंडनच्या 'नेचर' साप्ताहिकाने ते त्याच वर्षी नोव्हेंबरात छापले. लेखकाचे नाव चंद्रशेखर वेंकट रामन. पुढे नऊ वर्षांनी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

टिपणाचे शीर्षक होते 'समुद्राचा रंग'. आता सांगा पाहू, त्याचे पहिले वाक्य काय असेल? समुद्र किती अथांग आहे? पृथ्वीचा किती भाग पाण्याने व्यापला आहे? की निळाई पाहून मन कसे प्रसन्न होते?

यांपैकी काहीच नाही. पहिल्या वाक्यात रामन यांनी दुसऱ्याचे मत सांगितले आहे. खोल समुद्राची निळाई पाण्याची स्वतःची नसून ते केवळ आकाशाचे प्रतिबिंब आहे, असे मत मांडले गेले आहे, एवढेच ते वाक्य. हे मत लॉर्ड रॅले यांचे, आणि ते कोणत्या खंडात कितव्या पानावर आहे, तेही तिथेच कंसात दिले आहे. दुसऱ्या वाक्यात रामन म्हणतात, की हे खरे आहे का याविषयी शंका घेण्यासारखी एक सोपी निरीक्षणाची रीत आहे. तिने पृष्ठभागावरचे परावर्तन काढून टाकता येते आणि पाण्याचा स्वतःचा रंग पाहता येतो. झाली प्रस्तावना! तिसऱ्या वाक्यापासून ती रीत कोणती, याचे वर्णन सुरू होते.

रॅले हे काही लहानसहान नाव नव्हे. आकाश निळे का दिसते याचा उलगडा त्यांनीच केला होता आणि १९०४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले होते. अशा माणसाचे मत तपासायला घ्यायचे, तर ते नीट, त्यांच्याच शब्दांत आणि पान क्रमांकासह मांडणे ही पहिली जबाबदारी. रामन यांनी ती एका वाक्यात पार पाडली आणि दुसऱ्या वाक्यात वाचकाच्या हाती कसोटी दिली. विचार करून पाहा. प्रतिबिंब काढून टाकल्यावर निळाईही गेली, तर रॅले बरोबर. प्रतिबिंब काढूनही निळाई राहिली, तर ती पाण्याचीच म्हणायला हवी. म्हणजे उत्तर वाचण्याआधीच उत्तर कसे ओळखायचे हे वाचकाला कळलेले असते.

रीत खरोखरच सोपी होती. पाण्याच्या पृष्ठभागावरून विशिष्ट कोनात परावर्तित झालेला प्रकाश ध्रुवित असतो, म्हणजे त्याच्या लहरींची कंपने एकाच प्रतलात होतात. पाण्यासाठी हा कोन उभ्या रेषेपासून सुमारे ५३ अंश. निकोलचा लोलक डोळ्यासमोर धरून योग्य तेवढा फिरवला, की हा प्रकाश अडतो. रामन यांना असे आढळले, की प्रतिबिंब अडवल्यावर भूमध्य आणि तांबड्या समुद्राचा रंग फिका पडण्याऐवजी उलट अधिकच गडद आणि सुंदर दिसू लागला. अरबी समुद्रातही तसेच झाले, मात्र थोड्या कमी प्रमाणात. पाणी तांबडा प्रकाश शोषून घेते आणि या निळाईत त्या शोषणाचा वाटा फार मोठा आहे, हे आज आपण जाणतो. रामन यांचा भर त्या वेळी पाण्याच्या रेणूंकडून होणाऱ्या विकिरणावर होता. पण त्यांनी प्रस्तावनेत विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आजही तेच आहे. ही निळाई नुसते आकाशाचे प्रतिबिंब नव्हे.

विद्यार्थी मित्रांनो, प्रदर्शनासाठी तुम्ही प्रयोग करता, प्रकल्प करता आणि मग अहवाल लिहायला बसता. साहित्य, कृती, निरीक्षणे हे भाग भराभर लिहून होतात. पेन अडते ते पहिल्या पानावर. मग कोणीतरी जुन्या वहीतून प्रस्तावना उतरवून देतो आणि अहवाल पुरा होतो. ही प्रस्तावना म्हणजे नेमके काय, आणि ती स्वतःची स्वतः कशी लिहावी, ते आज पाहू.

शेत, पड आणि नांगर

शोधनिबंधाचे चार मुख्य भाग असतात: प्रस्तावना, पद्धती, निष्कर्ष आणि चर्चा. 'पद्धती' सांगते काय केले, 'निष्कर्ष' सांगतो काय दिसले, 'चर्चा' सांगते त्याचा अर्थ काय. प्रस्तावनेने सांगायचे ते एवढेच, की हे करावेसे का वाटले. आवड होती म्हणून, किंवा बाईंनी सांगितले म्हणून, हे उत्तर खरे असले तरी पुरेसे नाही. ज्ञानात कोणती जागा रिकामी होती, हे दाखवायला हवे.

जॉन स्वेल्स नावाच्या इंग्रज भाषातज्ज्ञाने १९८१ साली वेगवेगळ्या विषयांतल्या ४८ शोधनिबंधांच्या प्रस्तावना घेऊन त्यांची वाक्य-वाक्य तपासणी केली. विषय निराळे, लेखक निराळे, तरी बहुतेकांची चाल एकच निघाली. आपल्याकडच्या शब्दांत सांगायचे तर ती अशी. आधी शेत दाखवायचे: या विषयात आजवर काय पिकले आहे. मग त्या शेतातला पडीक तुकडा दाखवायचा: येथे अजून कोणी नांगर घातलेला नाही, किंवा घातला तो नीट लागलेला नाही. आणि शेवटी म्हणायचे, या तुकड्यावर आम्ही नांगर धरतो आहोत, तो अशा रीतीने.

रामन यांच्या दोन वाक्यांत या तिन्ही गोष्टी आहेत, हे तुमच्या लक्षात आले असेलच. यांतली मधली गोष्ट सर्वांत अवघड, आणि नेमकी तीच शाळेच्या अहवालांत नसते. शेताचे वर्णन पानभर असते, नांगराचेही असते. पड कोठे होती, याचा पत्ता नसतो.

माठाचे उदाहरण

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. समजा, तुमच्या गटाने उन्हाळ्यात मातीच्या माठांवर प्रकल्प केला. नव्या माठातले पाणी जास्त गार होते आणि माठ जुना झाला की गारवा कमी होतो, असे आजी म्हणते. तुम्ही दोन माठ घेऊन ते तपासलेत. आता अहवालाची प्रस्तावना. ती बहुधा अशी लिहिली जाते:

'आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे. विज्ञानाने मानवाचे जीवन सुखकर केले आहे. पाणी म्हणजे जीवन. पाण्याशिवाय मनुष्य जगू शकत नाही. प्राचीन काळापासून आपल्या देशात माठ वापरला जातो. माठातील पाणी आरोग्यास हितकारक असते. आजकाल फ्रिजमुळे माठाचे महत्त्व कमी होत आहे. म्हणून आम्ही माठ हा विषय निवडला. या प्रकल्पातून आम्हाला पुष्कळ शिकायला मिळाले.'

यात खोटे फारसे काही नाही. (माठातील पाणी हितकारक, हे मात्र पुराव्यावाचून लिहिले आहे, परीक्षक तेथे बोट ठेवतील.) तरीही हे वाचून परीक्षकांना तुमच्या प्रयोगाबद्दल काय कळले? तुम्ही पाण्यातले जंतू मोजलेत, की तापमान मोजलेत, की गावातल्या कुंभारांची माहिती गोळा केलीत? कोणताही प्रयोग असता, तरी ही प्रस्तावना चालली असती. पाण्याच्या जागी 'हवा' घालून पाहा. निम्मी वाक्ये जशीच्या तशी राहतील. जी प्रस्तावना कोणत्याही प्रकल्पाला लावता येते, ती कोणत्याच प्रकल्पाची नसते.

यातला मूळ दोष असा, की ती फार लांबून निघते. मुंबईहून पुण्याला जायचे तर काश्मीरपासून प्रवास सुरू करण्याची गरज नसते. माठाच्या गारव्याविषयी लिहायचे, तर पहिल्याच वाक्यात माठ आणि गारवा दोन्ही आले पाहिजेत. आता हाच मजकूर दुसऱ्या प्रकारे लिहून पाहू:

'मातीच्या माठातील पाणी गार होते. माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी बाहेर पाझरते, त्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता माठातील पाण्यातून घेतली जाते, असे कारण आमच्या पाठ्यपुस्तकात दिले आहे. माठ जुना झाला की पाणी पूर्वीइतके गार होत नाही, असा आमच्या घरांतील अनुभव आहे. पाण्यातील क्षार साचून छिद्रे बुजतात म्हणून असे होते, असे आम्हाला गावातील कुंभारमामांनी सांगितले. हे कारण बरोबर असेल, तर जुन्या माठातून दिवसभरात नव्या माठापेक्षा कमी पाणी उडून गेले पाहिजे. शाळेच्या ग्रंथालयातील जी पुस्तके आम्ही पाहिली, त्यांत नव्या आणि जुन्या माठांची अशी तुलना आम्हाला आढळली नाही. म्हणून एकाच कुंभाराने घडवलेले, एकाच मापाचे दोन माठ, एक नवा व एक तीन उन्हाळे वापरलेला, आम्ही एकाच ओसरीवर ठेवले आणि दर दोन तासांनी त्यांचे वजन व पाण्याचे तापमान मोजले.'

मजकूर पहिल्यापेक्षा थोडा मोठा झाला, पण त्यातले प्रत्येक वाक्य कामाचे आहे. एक वाक्य गाळून पाहा, पुढचे वाक्य अधांतरी होईल. पाठ्यपुस्तकाने सांगितलेले कारण आहे, घरचा अनुभव आहे, कुंभाराने दिलेले स्पष्टीकरण आहे. आणि हे तिन्ही निरनिराळ्या ठिकाणांहून आलेले आहे, हेही लपवलेले नाही. मग येते ते महत्त्वाचे वाक्य, 'हे कारण बरोबर असेल, तर...'. ऐकीव गोष्ट तेथे मोजता येण्याजोगी होते. वजनकाटा कशासाठी वापरला, हे आता वेगळे सांगावे लागत नाही.

आणखी एक गोष्ट पाहा. प्रयोगात जुन्या माठातूनही तेवढेच पाणी उडून गेले असे दिसले, तर ही प्रस्तावना बदलावी लागेल का? मुळीच नाही. तिने प्रश्न विचारला आहे; उत्तर गृहीत धरलेले नाही. 'जुन्या माठापेक्षा नवा माठ श्रेष्ठ आहे, हे सिद्ध करण्यासाठी आम्ही हा प्रयोग केला' असे वाक्य अनेक अहवालांत असते. ते लिहिणाऱ्याने प्रयोगाआधीच निकाल लावून टाकलेला असतो, आणि मग न जुळणारी निरीक्षणे नकळत वहीतून गळू लागतात.

काय घालायचे नाही, तेही पाहू. ३० अंशांच्या आसपास एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. म्हणजे दहा लिटरच्या माठातून शंभर ग्रॅम पाणी उडाले, तर ५८,००० कॅलरी गेल्या. बाहेरून उष्णता आलीच नाही असे धरले, तर पाणी जवळजवळ सहा अंशांनी उतरेल. हिशोब मजेदार आहे आणि तो तुम्ही जरूर करावा. पण त्याची जागा चर्चेत, मोजलेल्या आकड्यांच्या शेजारी. काटा किती ग्रॅमपर्यंत दाखवतो, हे पद्धतीत. बाष्पीभवनाची व्याख्या, उष्णतेची एकके, माठाचा इतिहास हे सारे प्रस्तावनेत कोंबले, की प्रश्न त्याखाली गाडला जातो. तुम्हाला जे जे माहीत आहे, ते सगळे सांगण्याची ही जागा नाही. वाचकाला प्रश्न समजायला जेवढे लागते, तेवढेच येथे द्यावे.

एक सावधगिरी मात्र घ्या. एक नवा आणि एक जुना, अशा दोनच माठांवरून सगळ्या माठांविषयी बोलता येणार नाही. प्रस्तावनेत 'दोन माठ' असे स्पष्ट लिहिले आहे, म्हणून वाचक फसणार नाही. 'नव्या व जुन्या माठांचा सखोल अभ्यास' असे भारदस्त शब्द तेथे आले असते, तर ती फसवणूक झाली असती.

मोजायचे राहून गेले होते

पडीक तुकडा म्हणजे कोणी कधी पाहिलाच नाही असा विषय, असा पुष्कळांचा समज असतो. मग मुले म्हणतात, 'सर, सगळे तर शोधून झाले आहे, आम्ही नवीन काय शोधणार?' त्यांनी ग्रेगोर मेंडेल यांची प्रस्तावना जाणून घ्यावी.

मेंडेल यांनी वाटाण्यावरील आपले प्रयोग १८६५ साली ब्रून येथील निसर्गविज्ञान मंडळाच्या दोन सभांत वाचून दाखवले आणि ते १८६६ साली छापले गेले. त्या काळी वनस्पतींचे संकर करणे ही काही नवी गोष्ट नव्हती. बागांतल्या फुलझाडांत नवे रंग मिळावेत म्हणून ते सर्रास केले जात, आणि मेंडेल सुरुवातही तेथूनच करतात. मग कोलरॉयटर, गार्टनर, हर्बर्ट, लकॉक, विखुरा या आधीच्या अभ्यासकांची नावे घेऊन, त्यांनी आयुष्यातला केवढा काळ या कामाला दिला, ते ते आदराने नमूद करतात. आणि त्यानंतर पड दाखवतात. एवढ्या प्रयोगांत असा एकही नाही, की ज्यात संकराच्या संततीत किती वेगवेगळी रूपे येतात, ती कोणत्या पिढीत येतात आणि त्यांचे एकमेकांशी संख्येने काय प्रमाण असते, हे निश्चित करता येईल.

म्हणजे शेत नांगरलेले होते. झाडे पाहिली गेली होती, वर्णने लिहिली गेली होती. राहिले होते ते पिढ्या वेगळ्या ठेवून मोजणे. हे ओळखले, म्हणून पुढे निबंधात ते प्रसिद्ध आकडे आले: ७,३२४ बियांपैकी ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेल्या, म्हणजे जवळपास तीनास एक. या कामाला आठ वर्षे लागली, हेही प्रस्तावनेत सांगितलेले आहे. असे परिश्रम अंगावर घ्यायला धैर्य लागते, असेही मेंडेल तेथे म्हणतात. तेवढी फुशारकी आपण त्यांना माफ करू.

चांगली प्रस्तावना लिहिली म्हणजे वाचक धावत येतात असे मात्र नाही. मेंडेल यांच्या निबंधाचे महत्त्व १९०० सालापर्यंत फारसे कोणाला कळले नाही, आणि ते १८८४ साली वारले.

तुमच्यासाठी यातला उपयोगाचा भाग हा, की पडीक तुकडा लहान असला तरी चालतो. दुसऱ्याने पाहिले पण मोजले नाही. मोजले पण पावसाळ्यात नाही. पावसाळ्यात मोजले पण तुमच्या गावच्या विहिरीत नाही. यांपैकी कोणतेही कारण पुरेसे आहे, फक्त ते खरे असावे. 'या विषयावर आजपर्यंत कोणीही संशोधन केलेले नाही' हे वाक्य शाळेच्या अहवालात जवळजवळ नेहमीच खोटे असते. तुम्ही जेवढे शोधले, तेवढेच सांगा: आम्ही ही चार पुस्तके आणि हे दोन लेख पाहिले, त्यांत आम्हाला आढळले नाही. मागच्या वर्षी तुमच्याच शाळेतल्या ताई-दादांनी तसाच प्रकल्प केला असेल, तर त्यांचा उल्लेख करायला संकोचू नका. तो केल्याने तुमचे काम कमी होत नाही. त्यांनी कोठे थांबवले आणि तुम्ही कोठून उचलले, हे वाचकाला कळते.

दुसऱ्याची चूक आणि दुसऱ्याचे ऋण

आधीच्या माणसाचे म्हणणे पटत नसेल तर काय लिहावे? 'नेचर'च्या २५ एप्रिल १९५३ च्या अंकात जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांचा डीएनए रेणूच्या रचनेवरचा निबंध आला. तो जेमतेम पानभराचा आहे. सुरुवातीलाच ते म्हणतात, आम्ही एक रचना सुचवू इच्छितो. नंतर लगेच सांगतात, की लायनस पॉलिंग आणि रॉबर्ट कोरी यांनी अशीच एक रचना आधी सुचवली आहे आणि तिचे हस्तलिखित छापण्यापूर्वीच आम्हाला पाहायला दिले. पॉलिंग म्हणजे त्या काळचे रसायनशास्त्रातले सर्वांत मोठे नाव. त्यांची रचना तीन साखळ्यांची होती. ती समाधानकारक का वाटत नाही, याची वॉटसन-क्रिक दोन कारणे देतात. एक, क्ष-किरणांनी तपासला जातो तो पदार्थ क्षार आहे, मुक्त आम्ल नव्हे. मग आम्लातले हायड्रोजन नसताना साखळ्या एकत्र कशा राहतात? दोन, या रचनेत काही अणू एकमेकांच्या फारच जवळ येतात. बस. कोठेही 'पॉलिंग यांनी घोडचूक केली' असे नाही. कारण दिले, की विशेषण लागत नाही.

याच निबंधात शिकण्यासारखी दुसरीही गोष्ट आहे, पण ती उलट बाजूने. लंडनच्या किंग्ज कॉलेजात रोझालिंड फ्रँकलिन यांनी डीएनएची क्ष-किरण छायाचित्रे घेतली होती. त्यांतले एक महत्त्वाचे छायाचित्र १९५३ च्या आरंभी, फ्रँकलिन यांना न कळता, वॉटसन यांना दाखवले गेले होते. निबंधाच्या अगदी शेवटी एक वाक्य आहे, की मॉरिस विल्किन्स, फ्रँकलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अप्रकाशित निष्कर्षांचे साधारण स्वरूप आम्हाला माहीत होते. प्रस्तावनेत त्याचा मागमूस नाही. ज्यांची रचना नाकारली त्या पॉलिंगना दुसऱ्याच परिच्छेदात जागा मिळाली आणि जिच्या कामाचा आधार झाला ती शेवटच्या ओळींत गेली. फ्रँकलिन १९५८ साली, वयाच्या सदतिसाव्या वर्षी वारल्या. ही नोंद अपुरी होती, असे आज पुष्कळ अभ्यासक मानतात, आणि मलाही तसेच वाटते.

म्हणून माठाच्या प्रस्तावनेत कुंभारमामांचा उल्लेख केवळ शिष्टाचार म्हणून केलेला नाही. छिद्रे बुजतात ही कल्पना त्यांची आहे. ती गाळली, तर वाचक ती तुमची समजेल. दुसऱ्याची वाक्ये जशीच्या तशी उतरवून घेणे हाही याच जातीचा अपराध. मागच्या वहीतून प्रस्तावना उतरवली की केवळ गुण जाण्याची भीती नसते. दुसऱ्याचा प्रश्न तुमच्या उत्तराला चिकटतो आणि दोन्ही विसंगत दिसतात.

कधी लिहावी, किती लिहावी

प्रस्तावना छापली जाते सर्वांत आधी. लिहावी मात्र शेवटी, किंवा निदान शेवटी पुन्हा लिहावी. कारण सोपे आहे. प्रयोग सुरू करताना जो प्रश्न मनात असतो, तो पुष्कळदा प्रयोग करता करता बदलतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी १९६३ साली रेडिओवरील एका भाषणात विचारले होते, की शोधनिबंध ही एक लबाडी तर नाही? त्यांची तक्रार अशी, की विचार जसा वेडावाकडा, अंदाज बांधत आणि मोडत पुढे जातो, त्याची खूणही छापील निबंधात राहत नाही. तक्रार रास्त आहे. तरीपण वाचकाला तुमची सगळी भटकंती सांगत बसणेही योग्य नाही. मधला मार्ग असा: प्रश्न बदलला असेल, तर बदललेला प्रश्न लिहा, पण तो पहिल्यापासूनच मनात होता असा आव आणू नका. 'सुरुवातीला आम्ही फक्त तापमान मोजत होतो. पहिल्या आठवड्यानंतर वजनही मोजू लागलो' हे एक वाक्य पुरे.

लांबी किती असावी, असे शिक्षक विचारतात. शाळेच्या प्रकल्पाला दीडशे ते दोनशे शब्द पुष्कळ झाले. वही भरण्यासाठी प्रस्तावनेला पाने दिली, की मुले ती भरण्यासाठी काश्मीरहून प्रवास सुरू करतात, आणि दोष मग मुलांचा राहत नाही.

भाषाही साधी ठेवा. पुस्तकात असलेली आणि आजही खरी मानली जाणारी गोष्ट वर्तमानकाळात लिहावी: पाणी पाझरते, वाफ होते. तुम्ही केलेली गोष्ट भूतकाळात: आम्ही मोजले, आम्ही ठेवले. 'प्रस्तुत प्रकल्पकर्त्यांकडून मोजमाप करण्यात आले' असे लिहिण्याची काही गरज नाही. 'आम्ही मोजले' म्हटले, की कोणी मोजले ते समजते आणि काही विचारायचे असेल तर कोणाला विचारावे, तेही समजते.

लिहून झाली की एक परीक्षा घ्या. तुमच्या गटात नसलेल्या एखाद्या मित्राला किंवा मैत्रिणीला नुसती प्रस्तावना वाचून दाखवा आणि वही मिटा. मग विचारा, आम्ही कोणता प्रयोग केला असेल, आणि काय दिसले तर आमचा अंदाज चुकला असे म्हणशील? त्यांना दोन्ही सांगता आले, तर पुढचे पान उलटा. नाही आले, तर त्यांना समजावत बसू नका. ते कोठे अडखळले ते विचारून घ्या, पेन्सिलीने तेथे खूण करा आणि तेवढी दोन वाक्ये पुन्हा लिहा.